जुन्या वाहनाची गंज-तपासणी

जुन्या वाहनाची गंज-तपासणी म्हणजे वापरलेले वाहन विकत घेण्यापूर्वी त्याचा पत्रा, सांगाडा, चासी आणि लोखंडी जोडभाग यांना गंज कितपत लागला आहे, तो नेमका कोठे लागला आहे आणि तो दुरुस्त होण्याजोगा आहे किंवा नाही, याची केलेली पाहणी होय. वाहनाचे इंजिन उतरवून नवे बसवता येते, टायर, बॅटरी, क्लच हे भाग तर बदलण्यासाठीच असतात. परंतु ज्या सांगाड्यावर हे सर्व उभे असते तो आतून कुजला असेल तर दुरुस्तीचा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीपलीकडे जातो. शिवाय हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, पाट्यांचे आधार, सीटबेल्ट ज्या ठिकाणी पत्र्याला जोडलेले असतात ती जागा, हे सारे गंजामुळे दुबळे झाले तर अपघाताच्या प्रसंगी गाडीतील माणसांचे रक्षण होत नाही.

टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या मोठ्या गाड्या, त्यांपासून तयार केलेल्या कॅराव्हॅन (राहण्याची सोय असलेल्या गाड्या) आणि पुराच्या पाण्यात उभी राहिलेली वाहने यांच्या बाबतीत ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडी (तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर) व तिच्या आसपासची गावे यांना या विषयाचा निकटचा अनुभव आहे. त्यामुळे प्रस्तुत लेखात उदाहरणे मुख्यतः त्या परिसरातील दिली आहेत.

शब्दाविषयी

लोखंडावर चढणाऱ्या तांबूस-तपकिरी थराला मराठीत गंज, जंग किंवा तांबेरा असे म्हणतात. यांपैकी ‘तांबेरा’ हा शब्द आता शेतकऱ्यांच्या बोलण्यात पिकावरील रोगासाठीच अधिक ऐकू येतो. कोल्हापूर-सांगली भागातील सोयाबीन उत्पादकांना तो चांगलाच परिचित आहे. पानावरील तांबेरा आणि पत्र्यावरील तांबेरा यांचे कारण वेगळे असले तरी दोहोंची चाल सारखी आहे: आरंभी बारीक ठिपके दिसतात, त्यांकडे दुर्लक्ष होते आणि लक्षात येईपर्यंत पान किंवा पत्रा चाळणी झालेला असतो. ‘गंज’ या शब्दाचा दुसरा अर्थ स्वयंपाकघरातील उभट पातेले असा आहे. त्याचा येथे संबंध नाही.

गॅरेजमध्ये मात्र ‘गाडी खाल्ली आहे’, ‘पत्रा सडला आहे’, ‘खालून गेलेली आहे’ अशी बोली चालते. खरेदीदाराने ही भाषा समजून घ्यावी. ‘खालून थोडी खाल्ली आहे’ या वाक्यातील ‘थोडी’ या शब्दाचा अर्थ गाडी वर उचलल्याशिवाय कळत नाही.

गंज कसा लागतो

लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तिन्ही एकत्र आल्याखेरीज गंज लागत नाही. लोखंडाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर जमला की त्याच पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युतघट तयार होतात. एका बिंदूपाशी लोखंड विरघळते, दुसऱ्या बिंदूपाशी प्राणवायूची अभिक्रिया होते आणि अखेर जलयुक्त आयर्न ऑक्साइड, म्हणजेच गंज, तयार होतो. पाण्यात मीठ किंवा अन्य क्षार असल्यास त्यातून वीज अधिक सहज वाहते व ही क्रिया वेगाने होते. समुद्राकाठच्या गाड्या लवकर गंजतात त्याचे कारण हेच. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज चढण्याचा वेग स्पष्टपणे वाढतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता कित्येक आठवडे याहून बरीच जास्त असते.

ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर येतो, परंतु तो घट्ट चिकटून राहतो व आतील धातूला झाकतो. लोखंडाचा गंज तसा नसतो. तो सच्छिद्र व ठिसूळ असतो, मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि त्यामुळे फुगून खपल्यांच्या रूपाने निघून येतो. प्रत्येक खपलीबरोबर नवे लोखंड उघडे पडते. रंगाखाली गंज लागला की रंगाला पोपडा येतो, तो याच फुगण्यामुळे. दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारातील लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उभा आहे, याचे श्रेय त्या लोखंडातील फॉस्फरसच्या जादा प्रमाणाला दिले जाते. त्यामुळे स्तंभावर एक संरक्षक थर तयार झाला. मोटारीच्या पत्र्याला असे भाग्य नसते. त्याचे रक्षण जस्ताचा थर, विद्युतप्रक्रियेने चढवलेला प्रायमर आणि रंग यांवर अवलंबून असते. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ओरखडा पडला तरी आधी स्वतः झिजते व लोखंडाला वाचवते. जस्त संपले की लोखंडाची पाळी येते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण ती सामान्य समजुतीच्या उलट आहे. चिखलाने झाकलेल्या भागापर्यंत हवा पोहोचत नाही, म्हणून तो सुरक्षित राहत असेल असे वाटते. प्रत्यक्षात चिखलाच्या थराखाली प्राणवायू कमी व कडेला जास्त असल्याने जो विद्युतघट तयार होतो, त्यात कमी प्राणवायूचा भाग ऋण बाजू घेतो आणि तेथीलच लोखंड विरघळते. दोन पत्रे एकमेकांवर चढवून केलेल्या जोडांच्या फटी, बोल्टच्या डोक्याखालची जागा, रबरी बीडिंगच्या मागील खाच या ठिकाणी हेच घडते. म्हणून जेथे नजर पोहोचत नाही तेथेच गाडी अधिक कुजलेली आढळते.

नृसिंहवाडी व शिरोळ तालुक्याचा संदर्भ

नृसिंहवाडी, अर्थात नरसोबाची वाडी, हे दत्तसंप्रदायाचे प्रमुख क्षेत्र आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचे येथे १२ वर्षे वास्तव्य होते अशी परंपरा आहे. मंदिर नदीच्या घाटावरच असल्याने पावसाळ्यात पाणी वाढले की ते मंदिराच्या उत्तरेकडील दाराने आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात व त्या वेळी स्नानासाठी भाविक दूरदूरहून येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती उंचावर हलवतात. म्हणजेच पूर ही या गावाला आपत्ती म्हणून नवी नाही; त्याच्याशी जुळवून घेण्याची एक रीतच येथे तयार झालेली आहे.

परंतु २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर या रीतीच्या पलीकडचे होते. ऑगस्ट २०१९मध्ये शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना पाण्याने वेढले आणि पाणी ओसरण्यास आठवड्याहून अधिक काळ लागला. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१मध्ये तोच प्रसंग पुन्हा आला. त्याच महिन्यात २२ तारखेला कोकणात चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुराने बुडाले. शिरोळ भागात नदीचा उतार अत्यंत मंद आहे, पात्र वळणावळणाचे आहे आणि कृष्णा फुगली की पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. त्यामुळे येथील पूर मुंबईच्या २६ जुलै २००५च्या पुरासारखा एका दिवसात येऊन जाणारा नसतो. तो हळूहळू येतो आणि मुक्काम करतो.

वाहनाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. काही तास पाण्यात राहिलेली गाडी लगेच धुऊन वाळवली तर तिचा सांगाडा वाचण्याची शक्यता असते. आठ-दहा दिवस बुडालेल्या गाडीत गाळ चासीच्या पोकळ पट्ट्यांत, दाराच्या आतल्या बाजूस, गालिच्याखाली जाऊन बसतो. ही नदीकाठची काळी, चिकण माती आहे. ती ओलावा धरून ठेवते आणि वरून वाळली तरी आत दीर्घकाळ दमट राहते. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचे प्रमाण मोठे आहे हेही येथे नोंदवले पाहिजे. क्षारयुक्त ओली माती वीज अधिक वाहून नेते व गंजाला अनुकूल ठरते.

पुरानंतर बाजारात स्वस्त गाड्यांची संख्या वाढते. त्यांतील काही प्रामाणिकपणे ‘पुरातली गाडी’ म्हणून विकल्या जातात. तशा व्यवहारात काही गैर नाही, किंमत मात्र त्या मानाने असावी. प्रश्न येतो तो धुऊन, रंगवून, सुवास मारून दूरच्या जिल्ह्यात नेऊन विकलेल्या गाड्यांचा. पूर पाहिलेल्या गावातील माणूस अशी गाडी बहुधा ओळखतो. फसतो तो पूर न पाहिलेल्या गावातील. गाडी नवी असो वा जुनी, घेतल्यावर ती वाडीला नेऊन हार घालण्याची या भागात रीत आहे. तपासणी मात्र त्याआधी करावयाची असते.

तपासणीची तयारी

गाडी दिवसा, कोरडी असताना पाहावी. ओल्या पत्र्यावर रंगातील फरक व बारीक पोपडे दिसत नाहीत, आणि विक्रेत्याने नेमकी तेव्हाच गाडी धुऊन आणलेली असेल तर ती वाळेपर्यंत थांबण्यास हरकत नसावी. साधने घरगुती असतात: चांगली टॉर्च, दाढीचा लहान आरसा, फडक्यात गुंडाळलेले चुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर, आणि अंगावर मळले तरी चालतील असे कपडे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. इस्त्रीचे कपडे घालून गाडी पाहायला गेलेला माणूस जमिनीवर आडवा होत नाही, आणि गंज जमिनीच्या बाजूनेच लागलेला असतो.

शक्य असल्यास गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर घ्यावी. अर्ध्या तासाचे भाडे व ओळखीच्या मिस्त्रीची मजुरी ही रक्कम गाडीच्या किमतीपुढे नगण्य असते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. गंजलेल्या गाडीत तर जॅक टेकण्याची जागाच आत दबण्याचा धोका असतो.

बाहेरून पाहावयाच्या जागा

प्रथम गाडीपासून काही पावले दूर उभे राहून तिच्या कडेने तिरपी नजर टाकावी. मूळ रंगाच्या पत्र्यावर प्रतिबिंब सरळ दिसते. पुट्टी भरलेल्या भागावर ते लाटेसारखे हलते. संशय आला तेथे चुंबक लावावे. पुट्टीचा थर जाड असेल तर चुंबक धरत नाही किंवा अगदी सैल धरते. रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र अनेक डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे असते. कारखान्यातील रंग साधारणतः १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. आकडा त्याच्या कित्येक पट आला तर तेथे दुरुस्ती झालेली आहे असे समजावे. दुरुस्ती म्हणजे गंजच असे नव्हे, अपघातही असू शकतो. परंतु ती का झाली हे विचारण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे.

चाकांवरील कमानींची आतील दुमड, दारांच्या खालच्या कडा, दारांखालचा लांब पट्टा, मागील दाराचा तळ, पुढील काचेच्या बीडिंगच्या कडा आणि छतावरील पावसाच्या पन्हळी ही गंजाची आवडती ठिकाणे होत. दाराच्या तळाशी पाणी निचरा होण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती माती किंवा रंगाने बुजली की दार आतून पाण्याच्या पिंपासारखे भरते व खालून कुजते. बोटाने चाचपून छिद्रे मोकळी आहेत का ते पाहावे. कमानीच्या आत हात घालून दुमड चाचपताना बोटाला खपल्या लागल्या तर बाहेरचा रंग कितीही चकचकीत असला तरी तो थोड्या दिवसांचा पाहुणा आहे.

पोपडा दिसला की त्याचे केंद्र कोठे आहे ते पाहावे. दगड लागून रंग उडालेल्या ठिकाणचा गंज बाहेरून आत जातो आणि तो बराच काळ वरवरचा राहतो. कडेपासून किंवा जोडापासून फुगत आलेला पोपडा आतून बाहेर आलेला असतो. त्याचा जेवढा भाग दिसतो त्याहून पुष्कळ अधिक आत असतो, असे धरून चालावे.

खालून पाहावयाच्या जागा

गाडीखाली गेल्यावर टॉर्चच्या उजेडात आधी चासीच्या दोन लांब पट्ट्या पुढून मागेपर्यंत पाहाव्यात. जीपसारख्या, ट्रकसारख्या व बहुतेक मोठ्या प्रवासी गाड्यांना वेगळी चासी असते; छोट्या मोटारींत बॉडी व सांगाडा एकच असतो. दुसऱ्या प्रकारात गंजाचा धोका अधिक गंभीर, कारण तेथे पत्रा हाच आधार असतो आणि तळाचा पत्रा कुजणे म्हणजे सांगाडाच कुजणे होय.

पृष्ठभागावरील तांबूस थर पाहून घाबरू नये. पाच-सहा पावसाळे पाहिलेल्या कोणत्याही गाडीच्या ॲक्सलवर, सायलेन्सरवर, जाड लोखंडावर तो असतोच. घाबरावे ते पापुद्रे सुटलेल्या लोखंडाला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून पाहावे: धडधाकट लोखंड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द आवाज देते व खपल्या खाली पडतात. टोकाने दाबल्यावर पत्रा आत दबला तर पुढील तपासणीची गरज उरत नाही. अर्थात, दुसऱ्याच्या गाडीला ठोकण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. परवानगी नाकारली गेली तर तेही एक उत्तरच असते.

पाट्यांचे हँगर व त्यांच्या पिना, शॉक ॲब्सॉर्बरचे आधार, स्टिअरिंगचे जोड, ब्रेकच्या नळ्या, डिझेलच्या टाकीचे पट्टे या जागांवर अधिक वेळ द्यावा. ब्रेकच्या लोखंडी नळ्या क्लिपांखाली गंजतात, कारण तेथे माती अडकते. नळीवर फोडासारखे उंचवटे असतील तर ती बदलावीच लागते.

ताजे, काळे, जाड अंडरकोटिंग हे चांगले लक्षण मानण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाचे मत उलट आहे. गाडी नवी असताना केलेले अंडरकोटिंग उपकारक असते. विक्रीच्या आठवड्यात केलेले अंडरकोटिंग बहुधा काहीतरी झाकण्यासाठी असते, आणि गंजावर चढवलेला डांबरी थर आतील ओलावा कोंडून गंजाला मदतच करतो. जोड, नंबरप्लेटचे बोल्ट, तारा, सायलेन्सर या सर्वांवर एकसारखा काळा रंग उडालेला दिसला तर तो घाईत मारलेला आहे हे उघड होते.

पुरात बुडालेल्या गाडीच्या खुणा

पुराचे पाणी ज्या उंचीपर्यंत चढले ती रेघ गाडीत कोठे ना कोठे राहतेच; ती पुसणाऱ्याचा हात सर्वत्र पोहोचत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या अगदी शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग आहे का ते पाहावे. सीट बदलतात, कव्हर बदलतात, पण गुंडाळीत राहणारा पट्टा धुण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या व स्प्रिंगा, डॅशबोर्डच्या खालचे स्क्रू, पेडलांचे दांडे, स्टेपनीची खोलगट जागा व जॅकचा कप्पा या कोरड्या राहावयाच्या जागा आहेत. तेथे गंज दिसला तर पाणी आत आले होते असेच म्हणावे लागते.

हेडलाइटच्या आतील बाजूस गाळाची बारीक रेघ, स्पीकरच्या जाळीमागे माती, गालिच्याखालच्या फोममध्ये दमटपणा व कुबट वास यांवरूनही अंदाज येतो. गाडीत शिरताच सुवासाचा भपकारा आला तर काचा लावून, उन्हात पंधरा मिनिटे गाडी उभी करून पुन्हा दार उघडावे. वायरिंगचे कप्लर सोडवून पाहिल्यास तांब्यावर हिरवट क्षार दिसतात. हा तांब्याचा गंज होय, व तो काही महिन्यांनंतर त्रास देऊ लागतो: आज दिवे लागतात, उद्या लागत नाहीत. एअरबॅगचे नियंत्रण करणारा भाग अनेक गाड्यांत दोन पुढील सीटांच्या मध्ये, तळाशी असतो, म्हणजे पाणी प्रथम तेथेच पोहोचते. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो मुळीच न लागणे हेही संशयास्पद आहे, कारण दिवाच काढून ठेवण्याची युक्ती केली जाते.

इंजिन व गिअरबॉक्सचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळलेले आहे. ऑइल बदलले की ही खूण नाहीशी होते, म्हणून ती नसल्याने काही सिद्ध होत नाही.

पाण्याखेरीज अन्य कारणे

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, मुंबई व गोवा येथील गाड्यांना खाऱ्या हवेचा गंज लागतो. तो पुराच्या गंजासारखा खालून वर न चढता सर्वत्र ठिपक्यांनी येतो. छताच्या कडा व बॉनेटचे बिजागर तेथे आधी जातात. मासळीची वाहतूक केलेल्या गाडीत बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे झिरपलेले असते. देशावरील लोकांच्या सहसा ध्यानात न येणारे कारण म्हणजे रासायनिक खत. पोटॅशचे जे खत सर्वाधिक वापरले जाते ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊ आहे. खताची पोती वाहिलेल्या टेम्पोचा हौदा व त्याखालची चासी म्हणूनच लवकर कुजते. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जुनी गाडी घेताना पुराची नव्हे, पण या मिठाची चौकशी करावी लागते.

कॅराव्हॅन व राहण्याजोग्या गाड्या

महाराष्ट्रात चाकांवरचे बिऱ्हाड ही कल्पना नवी नाही. तमाशाच्या फडांचे ट्रक, नाटक मंडळींच्या बसगाड्या, फिरत्या टॉकीजच्या गाड्या यांनी ती अनेक दशके चालवली. पर्यटनासाठीच्या कॅराव्हॅनविषयीचे धोरण राज्य शासनाने २०२१ साली जाहीर केले. अशा गाड्यांसाठी देशपातळीवर एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. पर्यटक-व्यवसायातून बाहेर पडलेल्या जुन्या ट्रॅव्हलर गाड्यांत बाकांच्या जागी पलंग, ओटा व पाण्याची टाकी बसवून त्या विकण्याचा प्रकारही आढळतो.

या गाड्यांत गंज दोन्ही बाजूंनी येतो. साध्या गाडीत पाणी बाहेरून येते. येथे ते आतही साठवलेले असते. टाकीचे जोड, मोरीचा निचरा, गॅसवर स्वयंपाक करताना उठणारी व रात्री थंड पत्र्यावर जमणारी वाफ यांमुळे प्लायवूडच्या अस्तरामागे पत्रा सतत दमट राहतो. अस्तरामुळे तो दिसत नाही. म्हणून ओट्याखालचा एखादा तरी फलक उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा. प्लायवूड तळाशी फुगलेले, काळे पडलेले किंवा बोटाने दबणारे असेल तर त्यामागील पत्रा तपासलाच पाहिजे. जमिनीवर अनवाणी चालून पाहावे. जेथे पाय किंचित आत जातो तेथे खाली लाकूड कुजलेले किंवा पत्रा खाल्लेला असतो.

छतावर झरोका, सोलर पॅनेल किंवा वातानुकूलन यंत्र बसवण्यासाठी छिद्रे पाडलेली असतात. कापलेल्या पत्र्याची कड न रंगवता नुसते सिलिकॉन भरले असेल तर दोन पावसाळ्यांत तेथून तांबूस ओघळ उतरू लागतात. लोखंडी चौकटीवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकलेल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटले की अधिक क्रियाशील धातू आधी झिजतो. येथे तो ॲल्युमिनियम असतो. स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमलेली दिसते ती त्याचीच. भुकटी पांढरी आहे म्हणून ती निरुपद्रवी समजू नये.

वजनाचाही विचार करावा. पाणी, बॅटऱ्या, फर्निचर यांचा भार कायमचा असतो, आणि पाट्यांच्या हँगरजवळची कुजलेली चासी रिकाम्या गाडीला पेलवेल पण भरलेल्या गाडीला पेलवणार नाही. शक्य असल्यास पाण्याची टाकी भरूनच गाडी चालवून पाहावी.

गंजाची अवस्था व किंमत

वरवरचा गंज घासून, गंजरोधक प्रायमर व रंग देऊन थांबवता येतो. अशा गाडीत किमतीची घासाघीस करावी, गाडी सोडू नये. खपल्यांचा गंज असेल तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो. दरवाजा, मडगार्ड यांसारख्या भागांत हे काम चांगले होते. सांगाड्याचा आधार असलेल्या जागी आरपार गंज असेल, किंवा तेथे आधीच ठिगळावर ठिगळ असेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. पत्र्याला ठिगळ लावणारे कसबी कारागीर आपल्याकडे गावोगाव आहेत, परंतु पातळ झालेल्या लोखंडाला वेल्डिंग धरत नाही व त्याच्या शेजारचा भाग उष्णतेने आणखी दुबळा होतो.

दुरुस्तीचा अंदाज गाडी घेण्यापूर्वी दोन ठिकाणी विचारावा. पत्र्याचे काम असे असते की उघडल्यावरच ते किती आहे हे कळते. म्हणून मिळालेला अंदाज हा खर्चाचा आरंभ समजावा.

कागदपत्रांतील खुणा

गंज कागदावर दिसत नाही, पण गाडी कोठे राहिली हे कागदावर दिसते. एमएच-०९ हा कोल्हापूरचा, एमएच-१० सांगलीचा, एमएच-०८ रत्नागिरीचा, एमएच-०७ सिंधुदुर्गचा नोंदणी संकेतांक आहे. पूर किंवा समुद्राच्या भागातील संकेतांक असणे हा दोष नव्हे. या जिल्ह्यांतील बहुसंख्य गाड्या सुस्थितीत असतात. मात्र ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या महिन्यांत गाडी कोणत्या गावी होती, हा प्रश्न अवश्य विचारावा आणि सर्व्हिसिंगच्या नोंदींतील तारखांशी उत्तर ताडून पाहावे. पुरानंतरच्या काही महिन्यांतच मालक बदललेला असेल तर अधिक सावध राहावे. मालकांची क्रमसंख्या, कर्जाचा बोजा व विम्याची मुदत ही माहिती परिवहन विभागाच्या वाहन प्रणालीत व एम-परिवहन ॲपवर पाहता येते.

विमा कंपनीकडून आधीच्या दाव्यांची माहिती मागावी. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक होत असल्यास गाडी पूर्ण नुकसान झालेली धरली जाते व तिचे अवशेष विकले जातात. असे अवशेष जोडून पुन्हा रस्त्यावर आलेली गाडी ओळखण्याचा हा एक मार्ग आहे. व्यावसायिक गाडीला पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते व तेव्हा तपासणी होते. हे प्रमाणपत्र त्या दिवसापुरते गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य होती एवढेच सांगते. अस्तरामागील किंवा पोकळ पट्ट्यांतील गंज त्यात येत नाही.

कॅराव्हॅन घेताना नोंदणीपुस्तकातील वाहनप्रकार वाचावा. प्रवासी वाहन म्हणून नोंदलेल्या गाडीत परस्पर पलंग व गॅस बसवलेला असेल तर तो मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२मधील फेरफाराच्या बंधनात येतो आणि अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. मालकीहक्क बदलण्यासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते, आणि विमा आपल्या नावे करण्यासाठी खरेदीदारास १४ दिवसांची मुदत असते. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांनी परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र घेण्याची तरतूद एप्रिल २०२३पासून लागू आहे. व्यापाऱ्याकडून गाडी घेताना ते पाहण्यास मागावे. विक्रीच्या करारात ‘हे वाहन पुराच्या पाण्यात बुडालेले नाही’ असे वाक्य लिहून त्याखाली विक्रेत्याची सही घ्यावी. हे वाक्य लिहावयाचे म्हटल्यावर व्यवहाराची भाषा बदलते, असे गॅरेजवाले सांगतात.